डावा खांदा

मार्च संपत आला की आमच्याकडं आभाळातून राख पडते. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवतात, दुपारच्या वाऱ्यानं त्याचे काळे धागे वर चढतात आणि कुठंतरी लांब जाऊन सावकाश खाली येतात. वाळत घातलेल्या धुण्यावर, झाकायच्या राहिलेल्या भांड्यात, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मुलींच्या उत्तरपत्रिकांवर. नव्या मुली तो धागा बोटानं पुसायला जातात आणि कागदावर काळी रेघ उठते. जुन्या नुसती फुंकर मारतात. मी इंदापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. परीक्षेच्या दिवसांत बाकांच्या ओळींमधून फिरणं एवढंच काम असतं, आणि रिकाम्या डोक्यात जे यायचं ते याच दिवसांत येतं.

यंदाच्या पेपरात तो प्रश्न पुन्हा आला. शोकांतिकेतल्या नायकाचा नाश त्याच्या स्वतःच्या दोषातून होतो, चर्चा करा. शब्द थोडे इकडंतिकडं झाले असतील, पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाच प्रश्न मी बारामतीला सोडवला होता. नव्वदीच्या मधली वर्षं होती ती. त्या उत्तरानं मला कॉलेजात पहिलं आणलं, पुढचं शिक्षण दिलं, ही नोकरी दिली. उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं पुस्तकातलं कुणी नव्हतं, हे मात्र तपासणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं.

लोकांना हा हंगाम गोड वाटतो. मला कधी वाटला नाही. ऊस वर्षभर रानात सावली धरून उभा असतो आणि मग कोयते घेऊन टोळी येते. चारी बाजूंनी तोडत आत यायचं, म्हणजे रानातलं सगळं जित्राब मधल्या तुकड्यात गोळा होतं. ससे, घोरपडी, साप, डुकराची पिलं. शेवटच्या चार-पाच सऱ्या उरल्या की गावातली माणसं काठ्या घेऊन कडं करायची आणि कुणीतरी आत ढेकूळ फेकायचं. मग जे बाहेर येईल त्याच्यावर काठ्या. माझा थोरला भाऊ मिलिंद, मी त्याला दादा म्हणते, पंधरा वर्षांचा असताना त्या कड्यात उभा होता. त्यानं दोन ससे मारले. तिसरा धावत येऊन त्याच्या पायांत थबकला. तो नुसता वाकून धरता आला असता. दादानं काठी उचलली तेव्हा मी बांधावरून त्याचं तोंड पाहत होते. त्यात राग नव्हता, मजाही नव्हती. एक काम उरलंय, ते उरकायचंय, असं ते तोंड होतं.

आमचं गाव कळंब. आमच्या आजाच्या तरुणपणी आमच्या माणसांना गावच्या कुस्त्यांच्या मैदानात उतरू देत नसत. आजा लांब बाभळीखाली उभा राहून टाचा उंचावून बघायचा. पुढं घर बौद्ध झालं, अण्णा, म्हणजे माझे वडील, शिकून कारखान्यात फिटर झाले. पण बाभळीखालचा तो आजा घरात राहिलाच. दादा दहा वर्षांचा असताना तालमीच्या दारात घुटमळताना आबांना दिसला. आबा तालमीचे वस्ताद. जात विचारायचं त्यांनी आपल्यापुरतं केव्हाच सोडलं होतं. त्यांनी त्याच्या दंडाला धरून आत नेलं आणि मातीत ढकललं.

तालीम म्हणजे पत्र्याची खोली आणि आत तेल, ताक, हळद मुरलेली तांबडी माती. आबा शिकवायचे ते तोंडानं कमी, वेताच्या छडीनं जास्त. पोरांचे कान फुटायचे, सुजायचे, मग तसेच वाळून कवडीसारखे घट्ट व्हायचे. दादा घरी यायचा तेव्हा कोपरं सोललेली, दातांत माती, ओठ फाटलेला. आई हळद भरायची आणि मान फिरवून रडायची. त्याचा जोडीदार होता उत्तम, निरवांगीचा, आमच्यातलाच. तो पहाटे सायकलवरून यायचा. सहा वर्षं ती दोघं रोज एकमेकांना आपटत होती आणि आपटून झाल्यावर एकाच खलबत्त्यातले वाटलेले बदाम खात होती. कुस्ती कितीही पेटली तरी आबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "हात धरायचा त्यो चीत कराय. तोडाय न्हाय."

उत्तमची धाकटी बहीण सुरेखा बारामतीच्या वसतिगृहात माझ्या खोलीत होती. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच कच्चं आणि जिद्द सारखीच. शनिवारी एकाच एसटीनं गावाकडं निघायचो, कळंबला मी उतरायची, ती पुढं जायची. आम्हाला जुन्या शोकांतिका शिकवणारे सर याच भागातले होते. इंग्रजी वाचायचे आणि अर्थ बोलीत सांगायचे.

"ह्यो माणूस काय वाईट हाय का?" ते विचारायचे. "न्हाय. शूर हाय, लोकं मान देत्यात. सगळं हाय त्याच्यापाशी, एक सोडून. अन् तेवढ्या एकापायी त्यो घर पेटवतो." मग खडू ठेवून हात झटकायचे. "नरकात आग असती असं ही नाटकं सांगत न्हाईत. पाहिजे हुतं ते मिळालं अन् आता ते हातात धरवंना, त्याला नरक म्हणायचं."

आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. सुरेखा शेजारी बसून पेन्सिलीनं रेघा मारायची.

त्या वर्षी चैत्राच्या यात्रेतली शेवटची कुस्ती दादा आणि उत्तमची ठरली. आबांच्या शब्दावर कोल्हापूरच्या एका मोठ्या तालमीत एकाच पोराला जागा मिळणार होती. दोघांतला कुठला, हे आबांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी ते मैदानावर सोडलं. कुस्ती ठरल्यापासून आबा दोघांना वेगवेगळ्या पोरांशी लढवायचे, आणि तालमीत गेले दोन महिने दादा सारखा हरत होता. घरी आला की बोलायचा नाही. एकदा आईनं ताट पुढं ठेवलं तर त्यानं ते लाथेनं उडवलं. भाकरी शेणात जाऊन पडली. अण्णांनी कमरेचा पट्टा काढला. चोवीस वर्षांचा पैलवान गडी, त्यानं अण्णांचे पाच-सहा पट्टे पाठीवर घेतले आणि हललासुद्धा नाही. अण्णाच दमून खाली बसले. "हरलास तर कारखान्यात बदलीवर लावतो तुला," ते धापा टाकत म्हणाले. "लई झाली पैलवानकी."

त्याच आठवड्यात बारामतीला अभ्यास करताना सुरेखाचं लक्ष लागत नव्हतं. मी विचारलं, तेव्हा तिनं पुस्तक मिटलं.

"उत्तमदादाचा डावा खांदा निखळला हुता. संक्रांतीच्या टायमाला. ट्रॉलीत मोळी चढवताना. हाड बसवणाऱ्यानं बसवलाय, पण तवापासनं हात वर नेला की कळ येती. आबांना सांगितलं न्हाय. सांगितलं तर कुस्ती लावणार न्हाईत." तिनं दाराकडं बघितलं. "कुणाला बोलू नगंस, निमे. तुझ्या दादाला तर न्हाईच."

"मी कशाला बोलू," मी म्हणाले. आणि तेव्हा माझ्या मनात खरंच तसं काही नव्हतं.

शनिवारी घरी गेले तर दादा परसात दोरावर चढत होता. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. तळहात फाटून दोराला रक्त लागलं होतं. मी त्याला पाणी नेऊन दिलं. तो माझ्याकडं न बघता प्यायला. त्या घरात मी कॉलेजात जाणारी होते, पण माझं बोलणं कुणी थांबून ऐकलंय असं कधी झालं नव्हतं. दादा हरू नये असं मला वाटत होतं, हे खरं. पण आज या वयात मला स्वतःशी खोटं बोलायचं नाही. त्याहून खरं हे, की माझ्याजवळ असं काहीतरी होतं जे ऐकून तो माझ्याकडं वळून बघणार होता.

मी हळू आवाजात म्हणाले, "उत्तमचा खांदा दुखावलाय."

तांब्या तोंडापाशीच थांबला. तो वळला. "कुठला?"

"डावा."

एवढंच. त्यानं कुणी सांगितलं हे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो पुन्हा दोराकडं गेला आणि मला घरात जाताना अंग हलकं वाटलं.

त्या नाटकांत एक गोष्ट असते, जी सर कधी शिकवत नव्हते. नायक असतो, त्याचा दोष असतो, शेवटी त्याचं प्रेत असतं. पण मध्ये कुणीतरी दासी, कुणीतरी नोकर आत येऊन दोन ओळींचा निरोप देऊन जातो. त्या दोन ओळींनी सगळं हलतं. पुढं त्या दासीचं काय झालं, ती झोपली का, तिनं पुन्हा कुणाच्या डोळ्यांत बघितलं का, हे लिहिणारा लिहीत नाही. मी वर्गात शिकवताना दरवर्षी त्या पानाशी थबकते आणि पुढं जाते.

यात्रेचा दिवस इतका तापलेला होता की हलगीचं कातडं पाणी लावून पुन्हा पुन्हा सैल करावं लागत होतं. बायका मैदानात बसत नसत. मी आणि सुरेखा शाळेच्या गच्चीवर उभ्या होतो, खाली माणसांचं कडं आणि मध्ये तांबडी माती. दुसऱ्या दिवशी आमचा शोकांतिकांचा पेपर होता. सकाळी अकराच्या आत परत बारामतीला पोचायचं होतं. सुरेखानं माझा हात धरला होता. "कोण बी जिंकू दे, आपण दोघी रडायचं न्हाय," ती म्हणाली.

पहिली दहा मिनिटं दोघंही नुसती मान धरून एकमेकाला रेटत होती. मग दादानं खाली वाकून उत्तमचे पाय ओढले, पट काढला, उत्तम पोटावर आला आणि दादा त्याच्या पाठीवर बसला. त्यानं मागून उत्तमच्या डाव्या काखेतून हात घातला आणि पंजा मानेवर नेला. तालमीत त्याला हप्ते भरणं म्हणतात. समोरच्याला उलटवून पाठीवर पाडायचा तो डाव. उत्तमचं अंग एकदम आखडलेलं गच्चीवरून दिसलं. दादानं त्याला उलटवलं नाही. उलटवता येत होतं. उत्तमचं उजवं अंग मोकळं होतं, एक हिसका पुरे होता. दादा हात वर नेत राहिला. सावकाश. उत्तमनं उजव्या हातानं माती थोपटली, हरलो म्हणून, एकदा, दोनदा. पंच पुढं धावला. दादाचं तोंड आमच्या बाजूला होतं. ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं.

हाडाचा आवाज गच्चीपर्यंत आला नसणार. मला तो ऐकू आल्यासारखं वाटतं, अजूनही. आला तो उत्तमचा आवाज. माणसाचा वाटत नव्हता. हलगी थांबली. उत्तम कुशीवर पडला आणि त्याचा हात त्याच्यासोबत वळला नाही, मागंच राहिला.

सुरेखानं माझा हात सोडला. ती खाली बघत होती, मग तिनं मान फिरवून माझ्याकडं बघितलं.

"तू सांगितलंस?"

"न्हाय," मी म्हणाले.

ती जिन्यावरून पळत गेली. खाली निरवांगीची माणसं मैदानात उतरली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात तंबूची पहार. एक दगड आमच्या चुलत्याच्या कपाळावर बसला आणि त्याचा पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झाला. कुणीतरी दादाच्या पाठीत काठी घातली. तो तसाच उभा होता, हात लोंबत, कुणाला न चुकवता. माणसं बाजूला सारत आबा पुढं आले. सगळ्या गावादेखत त्यांनी दादाच्या मुस्काटात मारली, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. त्यांचा फेटा मातीत पडला, तो त्यांनी उचलला नाही. ते उत्तमपाशी गुडघ्यावर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पंचांनी मात्र नियमानं दादाचा हात वर केला. गुलाल कुणी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला सुरेखाची जागा रिकामी होती. ती पुण्याला दवाखान्यात भावाच्या उशाशी होती. माझ्या पुढच्या बाकावर तिची उत्तरपत्रिका तासभर तशीच पडून राहिली, मग पर्यवेक्षकांनी उचलून नेली. मी प्रश्न वाचला आणि लिहायला लागले. हात थांबला नाही. दोषाबद्दल लिहिलं, हावेबद्दल लिहिलं, चांगल्या माणसाच्या तोंडावर अचानक येणाऱ्या त्या शांतपणाबद्दल लिहिलं. तीन पुरवण्या लावल्या. ते लिहिताना मला आनंद होत होता, हे मी लपवणार नाही. सुरेखाचं वर्ष गेलं. मेमध्ये गावातच तिचं लग्न लावून दिलं. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

दादा कोल्हापूरला गेला आणि सात महिन्यांनी परत आला. तिथं त्याला जोड मिळेना असं लोक म्हणायचे. खरं काय ते त्यानं एकदाच सांगितलं, आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. समोरच्याच्या काखेत हात घातला की त्याची बोटं आपोआप उघडायची. "धराय जातो, अन् हात सुटतो," तो म्हणाला. पुढं तो उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागला, लग्न केलं, दोन मुलींचा बाप झाला. चांगला बाप आहे. कुणाच्या अंगावर ओरडत नाही. त्या निरोपाबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललेलो नाही.

यंदाच्या परीक्षेच्या शेवटच्या पेपरला मी हॉलबाहेर आले तर व्हरांड्यात सुरेखा उभी होती. केस पिकलेले, अंगानं भरलेली, पण उभं राहण्याची लकब तीच. तिची मुलगी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. इतके महिने माझ्या वर्गात ती बसत होती आणि मला आडनावावरून कळलं नव्हतं.

"लेक म्हणाली, तू शिकवतीस तिला. म्हणून म्हटलं, बघून येऊ," सुरेखा म्हणाली.

मी तिला रिकाम्या वर्गात नेलं. बसायला बाक दिला. पाणी विचारायचं सोडून मी बोलले, "सुरेखा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मीच सांगितलं होतं दादाला."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "गच्चीवरच कळलं हुतं."

"मग इतकी वर्षं कधी विचारलं नाहीस."

तिनं पदराच्या टोकाला पीळ दिला. "कुठल्या तोंडानं इचारू? उत्तमदादानं मला आईच्या गळ्याची शपथ घातली हुती, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून. मी तुला बोलले. मी तोंड उघडलं नसतं तर तुझ्यापातूर आलंच नसतं." तिनं पीळ सोडला. "त्याला अजून ठावं न्हाय, निमे. रोज त्याच्या घरावरनं जाते मी."

आम्ही दोघी त्याच दुपारी निरवांगीला गेलो. मी गाडी चालवत होते, ती शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. उत्तमची पिठाची गिरणी आहे. भुवयांवर, कानांच्या कवड्यांवर पीठ बसलेलं. डावा हात छातीच्या वर जात नाही. तो उजव्या हातानंच डबे उचलतो. सुरेखानं गिरणी बंद करायला सांगितली. पट्टा गरगरत थांबला. मग तिनं तिचं सांगितलं आणि मी माझं.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मारेलही, असं वाटलं होतं, आणि मारावं असंही. तो पिठाच्या पोत्यावर बसला.

"मला वाटलं आबांनी सांगितलं," तो म्हणाला.

आम्हाला समजलं नाही.

"फेब्रुवारीत मालिश करताना आबांनी खांदा दाबला हुता. म्हणले, हितं दुखतंय व्हय रं? मी न्हाय म्हणलो. पर त्यांच्या बोटाला कळलं आसंल. मला वाटलं, त्यांना मिलिंदाच पाठवायचा हुता, म्हणून त्याला सांगितलं. मैदानात त्याच्या मुस्काटात मारली ते नाटक वाटलं मला." त्यानं उजव्या हातानं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. "म्हातारा तीनदा आला हितं. कळंबवरनं, उन्हातान्हाचा. दारात बसून राह्यचा. मी दार उघडलं न्हाय. वारल्यावर मौतीला बी गेलो न्हाय."

बाहेर कुणीतरी दळणाचा डबा ठेवून गेलं. मी पंचवीस-तीस वर्षं स्वतःला एका माणसाची गुन्हेगार समजत होते. ते म्हातारं माणूस माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"काकू हायत का अजून?" उत्तमनं विचारलं. काकू म्हणजे आबांची बायको.

"आहेत," मी म्हणाले. "कळंबलाच असतात, लेकाकडं."

तो उठला, नळाखाली तोंड धुतलं, टोपी घातली आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

काकू ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या. उत्तमनं पायांवर डोकं ठेवलं, तरी त्यांनी ओळखलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कुणाची कोण म्हणून. सून आतून म्हणाली, "त्यांना ऐकाय येत न्हाय. मोठ्यानं बोलावं लागतंय."

मी त्यांच्यापुढं खाली बसले आणि सांगितलं. कुणाचा खांदा, कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, आणि आबांचा त्यात काही दोष नव्हता. काकूंनी कानामागं हात धरला आणि मान हलवली. कळलं नाही, अशी. शेजारच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. मी पुढं सरकले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.